'निवडक', 'ऐच्छिक' की 'सोयरीक'? गटेच्या एका कादंबरीचं मराठी नाव

प्रश्न असा आला आहे: जर्मन साहित्यिक गटेच्या प्रमुख ग्रंथांची मराठी यादी करताना १८०९ सालच्या 'डी वालफेरवांटशाफ्टन' या कादंबरीपाशी गाडी अडते. 'इलेक्टिव्ह अ‍ॅफिनिटीज' या इंग्रजी नावावरून 'निवडक आकर्षणे' किंवा 'ऐच्छिक जवळीक' असं काहीतरी सुचतं. यातलं कोणतं घ्यावं?

दोन्ही नकोत. 'निवडक' म्हटलं की पुढे 'कविता' किंवा 'लेख' येणार असं वाटतं, आणि 'ऐच्छिक' हा शब्द शाळेने कधीच पळवला. त्याच्यामागे आपोआप 'विषय' येतो. पण खरी चूक या विशेषणांत नाही, नामात आहे. जर्मन शब्दात 'वाल' म्हणजे निवड आणि 'फेरवांटशाफ्ट' म्हणजे नातं. हे नातं म्हणजे मनाची ओढ नव्हे. काका, मामा, चुलतभाऊ यांच्याशी असतं ते, साधं घरगुती. 'आकर्षण' या शब्दाला घराचा उंबरठाच नाही.

मग इंग्रजीतून आकर्षणाचा वास का येतो? कारण हा शब्द गटेने घडवलेला नाही, तो रसायनशास्त्रातून उचललेला आहे. अठराव्या शतकात कोणतं द्रव्य कोणाला सोडून कोणाला धरतं याचे तक्ते तयार करायचा मोठा उद्योग चालला होता. फ्रान्समध्ये जोफ्रुआने असा पहिला प्रसिद्ध तक्ता १७१८ मध्ये मांडला. पुढे स्वीडनच्या टॉर्बर्न बेरीमानने १७७५ मध्ये याच विषयावर लॅटिनमध्ये प्रबंध लिहिला आणि त्याच्या नावात 'निवड करणारी आकर्षणे' असा शब्दप्रयोग केला. जर्मनमध्ये त्यासाठी 'वालफेरवांटशाफ्ट' रूढ झाला. म्हणजे लॅटिनमधलं आकर्षण जर्मनमध्ये येताना नातं झालं. कादंबरी याच फरकावर उभी आहे. पुस्तक निघण्याच्या सुमारास दिलेल्या जाहिरातीत गटेने स्वतःच म्हटलं होतं की निसर्गशास्त्र माणसाच्या व्यवहारातल्या उपमा उसन्या घेतं, तेव्हा इथे एक रासायनिक उपमा तिच्या मूळ घरी परत नेली आहे.

आता पहिल्या भागाचं चौथं प्रकरण उघडा. सगळा निवाडा तिथेच होतो. एडुआर्ट हा जमीनदार संध्याकाळी मोठ्याने पुस्तक वाचतो आहे. त्याची बायको शार्लोट ऐकता ऐकता भरकटते आणि त्याच्या खांद्यावरून पुस्तकात डोकावते. कोणी असं डोकावलेलं एडुआर्टला अजिबात खपत नाही, तो चिडतो. ती सांगते की 'फेरवांटशाफ्ट' शब्द कानावर पडला आणि मला माझे नातेवाईकच आठवले, नेमके सध्या डोक्याला ताप झालेले दोन चुलतभाऊ. मग लक्ष दिलं तर तुमचं दगडमातीबद्दल चाललेलं! तिथून ती, तिचा नवरा आणि घरी राहायला आलेला कप्तान यांच्यात रसायनशास्त्रावर गप्पा रंगतात.

माझी कसोटी हीच. जे मराठी नाव घेऊन शार्लोटचा हा गैरसमज होऊ शकत नाही, ते नाव बाद. 'आकर्षण' ऐकून कोणत्या बाईला चुलतभाऊ आठवतील?

'नातं' चालेल का? शब्दशः तोच अर्थ आहे, पण हल्लीच्या मराठीत 'नातं' फार पसरट झालंय. ग्राहकाशी नातं, मातीशी नातं, सगळंच नातं. माझं मत 'सोयरीक'ला. भावकी जन्माबरोबर येते, सोयरीक मात्र जुळवावी लागते. तिची क्रियापदं बघा: सोयरीक येते, जमते, जुळते आणि मोडते. भावकी मोडत नाही, फार तर बोलणं बंद होतं. कप्तान जे उदाहरण देतो ते या क्रियापदांत किती सहज बसतं! चुनखडीच्या तुकड्यात चुना एका दुबळ्या आम्लाशी बांधलेला असतो. त्यावर पातळ गंधकाम्ल घातलं की जुनी सोयरीक मोडते, चुना नव्या आम्लाशी जुळून जिप्सम होतो आणि ते जुनं आम्ल वायुरूपाने उडून जातं. शार्लोटला त्या हाकललेल्या वायूचीच दया येते. जिप्समचं काय, त्याची सोय लागली, पण याला पुन्हा थारा मिळेपर्यंत किती हाल! मराठीत हे वाक्य घरातल्या बाईच्या तोंडी जसंच्या तसं शोभेल, आणि 'सोयरीक' शब्द नसता तर शोभलं नसतं.

शिवाय इंग्रजीतल्या 'अ‍ॅफिनिटी'मागचा मूळ लॅटिन शब्दही रक्ताच्या नात्याचा नाही, लग्नाने जोडलेल्या नात्याचाच आहे. जर्मनपेक्षा लॅटिन इथे मराठीच्या जास्त जवळ आहे, हा योगायोग मला तरी आवडतो.

आक्षेप दोन येतील. पहिला असा की शार्लोटचे चुलतभाऊ रक्ताचे, ते सोयरे कसे? काटेकोर बोलायचं तर नाहीत. पण बोलण्यात 'सोयरे' बराच ताणला जातो. जानेवारी २०२४ मध्ये शासनाच्या मसुद्यात 'सगेसोयरे'ची व्याख्या करायची वेळ आली तेव्हा तो किती ताणता येतो यावरच सगळा वाद झाला. आणि तुकोबांनी तर 'वृक्षवल्ली आम्हां सोयरी' म्हणून तो माणसांच्या पलीकडे कधीच नेला आहे; तिथून चुनखडीपर्यंत फार अंतर नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. 'सोयरीक' म्हटलं की लग्न आलंच, आणि कादंबरी एका मोडत चाललेल्या लग्नाची. मूळ नाव जे झाकून ठेवतं ते मराठी नाव थोडं उघडं करतं. हे मला मान्य आहे, आणि तरीही 'आकर्षण' सगळंच उघडं करतं त्यापेक्षा हे बरं.

आता 'वाल', म्हणजे निवड. हा शब्द मवाळ करू नका, कारण तो कादंबरीत उपरोधाने येतो. शार्लोट तिथल्या तिथे म्हणते की मला यात निवड दिसतच नाही, दिसते ती निसर्गाची सक्ती, आणि तीही जेमतेम. संधी मिळाली की माणूस चोर होतो तशीच संधीमुळे नाती होतात. निवड असलीच तर ती द्रव्यं एकत्र आणणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाच्या हातात. एडुआर्टला हे पटत नाही. तो उत्साहाने अक्षरं वाटतो: तू अ, मी ब, मला तुझ्यापासून ओढून नेणारा कप्तान क, तू एकटी पडू नयेस म्हणून तुझी भाची ओटिली ड. म्हणजे शार्लोटला सोबत ओटिलीची. पुढे घडतं ते वेगळंच: एडुआर्ट ओटिलीत गुंततो, शार्लोट कप्तानात. जाता जाता एक गंमत: एडुआर्टचं खरं नाव ओटो, कप्तानही ओटो, 'शार्लोट' आणि 'ओटिली' या नावांतही तोच 'ओट', आणि पुढे जन्मणारं मूलही ओटोच. लग्नं टिकवायला धावत येणाऱ्या गृहस्थाचं आडनाव तर 'मिटलर', म्हणजे मध्यस्थ. नावांशी खेळताना गटेला कसलाच संकोच नव्हता.

तेव्हा यादीत 'निवडीच्या सोयरिकी' लिहा. मूळ नाव अनेकवचनी आहे, ते तसंच ठेवा. कानाला अपरिचित वाटेल, पण जर्मन वाचकालाही ते तसंच वाटलं होतं. गटेने जाहिरातीत खुलासा केला तो त्यासाठीच. याच शब्दाने समाजशास्त्रातही अनुवादकांना छळलं आहे. माक्स वेबरने प्रोटेस्टंट धर्म आणि भांडवलशाहीवरच्या ग्रंथात तो वापरला, आणि १९३० च्या इंग्रजी अनुवादात टॅल्कट पार्सन्सने तिथे नुसते 'सहसंबंध' करून टाकले.

यादीतल्या बाकीच्या नावांत एवढी अडचण नाही. 'फाउस्ट' तसाच ठेवा. विंदा करंदीकरांनी पहिला भाग मराठीत आणला तोही याच नावाने. १७७४ च्या 'वेर्थर'मधला 'लायडन' हा शब्द जर्मनमध्ये ख्रिस्ताच्या यातनांसाठीही वापरतात, म्हणून 'तरुण वेर्थरची दुःखे' पेक्षा 'यातना' बरा. 'विल्हेल्म माइस्टर'च्या (१७९५-९६) 'लेरयारं'साठी 'शिकाऊ वर्षे' वगैरे करू नका. कारागिराच्या हाताखाली घालवलेल्या वर्षांना आपल्याकडे 'उमेदवारी' म्हणतात, तर 'उमेदवारीची वर्षे' करा. निवडणुकीचा भास झालाच तर होऊ द्या. आत्मचरित्राचं नाव 'काव्य आणि सत्य' असंच हवं, 'कल्पित आणि सत्य' केलं तर त्यात खोटं मिसळल्याची कबुली वाटते. १८१९ च्या संग्रहाचं नाव 'पश्चिम-पूर्व दीवान'. फारसी कवी हाफिजच्या कविता जर्मनमध्ये वाचून भारावलेल्या गटेने तो लिहिला, आणि फारसीत दीवान म्हणजे एका कवीच्या कवितांचा संग्रह. तेव्हा ऱ्हस्व 'दि' आणि 'ण' लिहू नका, नाहीतर वाचक संस्थानातला दिवाण शोधत बसेल.