रशियन क्रांतीबद्दल समोरच्या खंदकातल्या जर्मन शिपायांना काय वाटत होतं?

पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, रशियाच्या झारची म्हणजे सम्राटाची सत्ता गेली तेव्हा पूर्व आघाडीवर रशियनांशी लढणाऱ्या साध्या जर्मन शिपायांना काय वाटलं, असं तुम्ही विचारलंय. या आघाडीबद्दल बरंच वाचल्यावर माझं मत असं झालंय की त्या क्रांतीतलं राजकारण बहुतेकांच्या खिजगणतीतही नव्हतं. आता लढाई थांबणार का, एवढंच त्यांना हवं होतं.

15 मार्चला झार निकोलस पायउतार झाला. एप्रिलमध्ये, रशियन ईस्टरच्या सुमारास, दोन्हीकडचे सैनिक काटेरी तारांपाशी भेटू लागले. रशियनांकडून पाव यायचा, जर्मनांकडून दारू जायची. यातला पाव महत्त्वाचा. तेव्हा जर्मनीत बटाट्याचं पीक बुडालं होतं, लोकांनी अख्खा हिवाळा सलगम खाऊन काढला होता. त्याच एप्रिलमध्ये पावाचं रेशन कापलं म्हणून बर्लिनचे कामगार संपावर गेले. बायकापोरं उपाशी असलेल्या माणसाला समोरच्या देशात पावासाठी उठलेल्या लोकांविषयी शत्रुत्व वाटावं तरी कसं?

वरिष्ठांचा हिशेब वेगळा होता. त्यांना या भेटीगाठींतून रशियन सैन्य पोखरायचं होतं, म्हणून बोलणी गुप्तवार्ता अधिकाऱ्यांनीच करावीत असा त्यांचा आग्रह होता. आपल्या शिपायाने मनाला येईल तसं जाऊन गप्पा मारणं त्यांना नको होतं.

जुलैत रशियाच्या नव्या सरकारचा युद्धमंत्री केरेन्स्की याने हल्ला चढवला आणि शांततेची आशा मावळली. ती पुन्हा जागी झाली डिसेंबरच्या युद्धविरामाने; तोवर रशियात लेनिनचे बोल्शेविक सत्तेवर आले होते. त्याच्या अटींमध्ये सैनिकांनी एकमेकांना भेटण्याची चक्क परवानगी होती: ठरलेल्या जागी, सूर्योदय ते सूर्यास्त, एका वेळी प्रत्येक बाजूचे जास्तीत जास्त पंचवीस जण. ही अट वाचली की मला फार भरून येतं. तीन वर्षं एकमेकांवर गोळ्या झाडणारी माणसं आता नियमाने वर्तमानपत्रं आणि रोजच्या वापरातल्या वस्तू अदलाबदल करणार होती.

पण शांतता म्हणजे घर, हा अंदाज चुकला. पस्तिशीच्या आतल्या जर्मन शिपायांना काढून पश्चिम आघाडीवर पाठवायला सुरुवात झाली. काही जण तर वाटेतच गाडीतून पसार झाले. नोव्हेंबर 1918 मध्ये पूर्वेकडच्या जर्मन पलटणींनीही स्वतःच्या सैनिक समित्या निवडल्या. सेनापतींनी त्याचं खापर बोल्शेविक प्रचारावर फोडलं. पत्रकांचा थोडाफार परिणाम झालाही असेल, पण मला ते कारण अपुरं वाटतं. भूक आणि लढाईचा कंटाळा हे शिपाई त्याआधीच सोसत होते.