जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११, लिनक्स की सरळ मॅक?

तुमचा लॅपटॉप २०१७चा आहे, सातव्या पिढीचा आय-थ्री आणि ४ जीबी रॅम. ब्राउझर, बँकेची कामं आणि मराठी लेखन एवढाच वापर आहे, असं तुम्ही लिहिलंय.

या मशीनवर विंडोज ११चा नाद सोडा. इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर हवा, ही अट आहे. आडमार्गाने ते बसवता येतं, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची खात्री नाही. आणि विंडोज १०चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्यामुळे बँकेचे व्यवहार त्याच्यावर तसेच चालू ठेवू नका.

माझ्या आईचा लॅपटॉप असाच होता. आधी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, बसवली, रॅम ८ जीबी केली, मग लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी बसणारी मोफत प्रणाली, मिंट हा तिचा एक प्रकार. खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त फरक एसएसडीने पडला. पूर्वी बटण दाबून ती कुकर लावायला जायची, परत आली तरी चक्र फिरतच असायचं.

मला खरी धास्ती होती मराठी टायपिंगची. आई कित्येक वर्षं इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड-रचनेवर टाइप करते. सेटिंगमध्ये मराठी लेआउट जोडला आणि तिने पहिलाच शब्द टाइप केला, ‘दऱ्या’. त्यातल्या ‘ऱ्य’साठी शिफ्ट-जे, डी, मग य. अर्धा ऱ नीट उमटला नाही तर ‘दर्या’ होतो, डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र! शब्द बरोबर उमटला, बोटांना नवीन काही शिकावं लागलं नाही. तिच्या जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या फायली मात्र विंडोज होतं तोवरच युनिकोडमध्ये बदलून घेतल्या, ते बरं केलं.

टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर किंवा डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल, तर लिनक्सच्या वाटेला जाऊ नका. विंडोज ११चा नवा लॅपटॉपच घ्या.

मॅक उत्तम आहे, बॅटरी दिवसभर पुरते. पण तुमच्या कामासाठी एवढा खर्च मला पटत नाही, शिवाय मॅकबुकची रॅम पुढे वाढवता येत नाही. स्वस्तात मिळतोय म्हणून जुना इंटेल मॅक तर मुळीच घेऊ नका. मॅकओएस या मॅकच्या प्रणालीची २०२५ची टाहो ही इंटेल प्रोसेसरवर चालणारी शेवटची आवृत्ती आहे.

आधी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट घ्या आणि काहीही न पुसता त्यावरूनच लॅपटॉप सुरू करा. वाय-फाय, आवाज, कॅमेरा बघा. मराठीत चार ओळी लिहून प्रिंटरवर एक पान काढा. आमचा अर्धा दिवस प्रिंटरनेच खाल्ला होता. सगळं जमलं की फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या, मगच इन्स्टॉलचं बटण दाबा.