सोडियम ॲसिटेट घरी कसं बनवायचं आणि ते हात लावताच का गोठतं?

बनवायला एकदम सोपं आहे, व्हिनेगर आणि खायचा सोडा एवढंच लागतं. ५ टक्केवालं व्हिनेगर १ लिटर घेतलं तर साधारण ७० ग्रॅम सोडा पुरतो, पण एकदम ओतू नका हां, कार्बन डायऑक्साइडचा फेस भसाभस वर येतो आणि अर्धं ओट्यावर. थोडा थोडा टाका, आणि व्हिनेगर किंचित जास्तच राहू द्या, कारण सोडा उरला तर पुढे त्याचेच कण त्रास देतात.

मग आटवत बसायचं, यातच खरा वेळ जातो, कारण लिटरभरातलं बहुतेक सगळं पाणीच असतं. वर पातळ साय धरायला लागली की गॅस बंद, गाळून स्वच्छ भांड्यात झाकून ठेवा.

आता गोठण्याचं. थंड झाल्यावर मिळतो तो ट्रायहायड्रेट, म्हणजे एका रेणूमागे पाण्याचे ३ रेणू, आणि तो ५८ अंश सेल्सिअसला वितळतो. पण स्वच्छ द्रावण खोलीच्या तापमानालासुद्धा द्रवच राहू शकतं, क्रिस्टल सुरू व्हायला काहीतरी निमित्त लागतं, एक दाणा टाकला की काही सेकंदात सगळं घट्ट आणि चांगलं गरम! शेकायच्या क्लिकवाल्या हीट पॅकमध्ये हेच असतं, उकळत्या पाण्यात ठेवलं की परत द्रव.

पाण्यात भरपूर विरघळतं आणि द्रावण किंचित अल्कधर्मी असतं, म्हणून ॲसिटिक ॲसिडबरोबर (व्हिनेगरमधलं आम्ल) बफर, म्हणजे आम्लता सहजासहजी न बदलणारं द्रावण, करायला लॅबमध्ये वापरतात. पोटॅशियम ॲसिटेट मात्र हवेतलं पाणी फार ओढतं, ते घरी कोरडं करायच्या भानगडीत पडू नका.