कौटुंबिक व्यवसाय खरोखर सांस्कृतिक वारसा जपतात, की नुसतं आडनाव पुढे चालवतात?

जपतात, पण नेमकं काय जपतात ते बघायला हवं. मिरजेच्या तंबोऱ्यात ते स्वच्छ दिसतं, म्हणून तेच उदाहरण देते.

मिरजेची सतारमेकर घराणी मुळात शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम आटलं आणि पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने फरीदसाहेब सतारमेकर वाद्यांकडे वळले. पुढे किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यामुळे कारागिरांना दारातच जाणकार कान मिळाला.

तंबोऱ्याचा आकार कुणीही उतरवून घेईल. अडचण मालापासून सुरू होते. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, कडू आणि जाड सालीचा लागतो. तो वेलीवर पूर्ण पिकलेला आणि उन्हात खडखडीत वाळलेला हवा; कोवळा काढला तर पुढे सुरकुततो. कापण्याआधी भिजवतात आणि तोंडाला बांबूच्या काड्यांचा ताण देऊन वाळवतात. दांडीला तुणीचं लाकूड घेतात. ते अर्धवट सुकलेलं असेल तर वर्षभरात दांडी वाकते. म्हणून लाकूड वर्षानुवर्षं पडून ठेवावं लागतं. त्यात अडकलेला पैसा लवकर सुटत नाही. बापाने घेतलेलं लाकूड मुलगा वापरणार, हा भरवसा असेल तरच कुणी तो अडकवेल. कुटुंबाचा खरा उपयोग मला इथे वाटतो.

दुसरी गोष्ट जवारीची, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून सुराला लावण्याची. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो. तार त्यावर घासत कंप पावते आणि स्वरांची वलयं उठतात. उतार जास्त झाला तर आवाज बंद, कमी झाला तर नुसती खरखर. तार सैल करून बाजूला घ्यायची, कानस हलकीच फिरवायची, तार पुन्हा सुरात आणायची, तार आणि घोडी यांच्यामधला दोरा केसभर पुढेमागे सरकवून ऐकायचं, मग पुन्हा कानस. चारही तारांचं वेगवेगळं. खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची, पितळी तार जाड, तिला उतार निराळा. हे मोजपट्टीने शिकवता येत नाही. शिकणाऱ्याला जाणत्या माणसाजवळ बसून वर्षानुवर्षं ऐकावं लागतं. घरातल्या मुलाला ते आपसूक मिळतं.

आणि नेमकी इथेच गळती आहे. गिऱ्हाईक नव्या वाद्याचे पैसे देतं, जवारीच्या मजुरीवर मात्र घासाघीस करतं. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि मोबाइल ॲपमुळे कामही कमी झालं. अशा कमाईवर मुलगा कानस का धरेल? मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते हवंच होतं. त्याने नावाची नक्कल रोखता येते, शिकाऊ हात मात्र तयार होत नाहीत.

तुम्हाला काही करायचं असेल तर घरातला जुना तंबोरा दुरुस्त करून घ्या, शक्यतो ज्या घराण्याने केला त्यांच्याकडेच. नवा घेताना दांडीच्या टोकाकडून एका डोळ्याने रेषा पाहा, तबकडी (भोपळ्यावरची लाकडी फळी) घोडीखाली दबलेली नाही ना ते तपासा, आणि तुमची पट्टी, म्हणजे तुम्ही गाता तो मूळ सूर, आधी सांगा. काळी एक आणि काळी पाच (पेटीच्या पट्ट्यांवरून पडलेली सुरांची नावं) यांना भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी, तारांची जाडी सगळं बदलतं. घोडीवर तारांच्या खाचा दिसू लागल्या की जवारी करायला द्या. घरी पॉलिश पेपर मारू नका, उतार मोडतो आणि घोडीच बदलावी लागते. मजुरी कारागीर सांगेल ती द्या.