गोड का ड्राय? जर्मन वाईनच्या लेबलांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात जर्मन वाईनचा नुसता उल्लेख केला आणि टपाल वाढलं. निम्मी पत्रं जर्मनीत नोकरी करणाऱ्यांची, उरलेली बहुतेक त्यांच्या आईवडिलांची. या वेळी सगळी जागा त्यांनाच देते. नव्या वाचकांसाठी सांगते, मी माइन्त्स शहरात वाईनच्या दुकानात काम करते. माहेर पिंपळगाव बसवंतचं, द्राक्षबागायतदारांचं, त्यामुळे बागेचा विषय निघाला की माझं उत्तर लांबतं.

ताई, सुपरमार्केटमधून दोन रीसलिंग (पांढऱ्या वाईनची द्राक्षजात) आणल्या. एकीवर काबिनेट लिहिलं होतं, दुसरीवर श्पेटलेझे. श्पेटलेझे जास्त गोड असते असं वाचलं होतं. झालं उलटंच. काबिनेट गोड निघाली आणि श्पेटलेझे इतकी ड्राय की बायको म्हणाली, ही आता रश्श्यात घाला. दुकानदाराने फसवलं का?
*— श्टुटगार्टहून एक वाचक*

दुकानदाराचा दोष नाही. काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे हे शब्द ग्लासातल्या वाईनची गोडी सांगतच नाहीत. तोडणीच्या दिवशी द्राक्षाच्या रसात साखर किती होती, एवढंच ते सांगतात. आमच्याकडे बागेत रिफ्रॅक्टोमीटरवर मणी पिळून ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं प्रमाण, बघतात, तसं इथे ओक्सले बघतात. एकोणिसाव्या शतकात फोर्त्सहाइम गावच्या फेर्डिनांड ओक्सले नावाच्या कारागिराने हे माप रूढ केलं. एक लिटर रसाचं वजन एक किलोपेक्षा जितके ग्रॅम जास्त, तितके अंश ओक्सले. ८० ओक्सले म्हणजे साधारण १९ ब्रिक्स. काबिनेटसाठी प्रदेश आणि द्राक्षाच्या जातीप्रमाणे किमान ६७ ते ८२, श्पेटलेझेला ७६ ते ९०, आउसलेझेला ८३ ते १००. त्याच्या वर बेरेनआउसलेझे आणि गोठलेल्या द्राक्षांची आइसवाइन, ११० ते १२८. सगळ्यात वर ट्रॉकेनबेरेनआउसलेझे, तिला १५० च्या पुढे. या सगळ्यांना मिळून प्रेडिकाट म्हणतात आणि त्यांच्या रसात वरून साखर घालायला बंदी आहे. त्याच्या खालच्या पायरीच्या साध्या क्वालिटेट्सवाइनमध्ये आंबण्याआधी साखर घालता येते. ती वाईन गोड करायला नसते, अल्कोहोल वाढवायला असते.

आता ती मूळची साखर यीस्टने पूर्ण खाल्ली की वाईन ड्राय आणि अल्कोहोल जास्त. मध्येच थांबवली की गोडी उरते आणि अल्कोहोल कमी. तुमच्या श्पेटलेझेवर बारीक अक्षरात ट्रोकन लिहिलेलं असणार, बाटली फेकली नसेल तर बघा. ट्रोकन म्हणजे लिटरमागे फार तर ९ ग्रॅम साखर, तीही आम्लता त्या प्रमाणात असेल तरच. हाल्बट्रोकनला १८ ग्रॅमपर्यंत मुभा. फाइनहेर्ब हा शब्द मात्र कायद्याने कुठल्याच आकड्याला बांधलेला नाही. ज्याला हाल्बट्रोकन लिहायची लाज वाटते तो फाइनहेर्ब लिहितो, असं माझं मत.

लेबलावर यातलं काहीच नसेल तर अल्कोहोलचा आकडा बघा. रीसलिंगवर ८ टक्के असेल तर गोड, १२ च्या वर असेल तर जवळपास नक्की ड्राय. आणखी एक सोय झाली आहे. ८ डिसेंबर २०२३ नंतर बनलेल्या वाईनला युरोपात घटक आणि पोषणमूल्यं द्यावी लागतात. ती बहुधा मागच्या क्यूआर कोडमध्ये असतात. दुकानातच मोबाइल लावा, १०० मिलीमागे साखर किती ते बघा, त्याला १० ने गुणा. झालं. ग्राहकांना मी हल्ली हेच शिकवते.

चांगल्या उत्पादकांनीही या गोंधळावर उपाय काढला आहे. व्हीडीपी नावाची जुनी संघटना आहे, १९१० ची, सुमारे २०० उत्पादक सभासद. बाटलीच्या टोपणावर गरुड आणि त्याच्या अंगावर द्राक्षाचा घड दिसला की ती त्यांची. हे सभासद काबिनेट, श्पेटलेझे हे शब्द गोडी उरलेल्या वाईनपुरतेच ठेवतात. त्यांच्या सर्वोत्तम बागांतल्या ड्राय वाईनवर ग्रोसेस गेवेक्स, म्हणजे जीजी, असतं.

आणि गोड काबिनेटला नाक मुरडू नका. भारतातून आलेला प्रत्येक जण दुकानात शिरताच 'ओन्ली ड्राय' म्हणतो, कारण गोड पिणं अडाणीपणाचं असं कुणीतरी डोक्यात भरवलेलं असतं. मोझेल नदीकाठची ८ टक्क्यांची काबिनेट, तिची ती लिंबासारखी आंबट धार, आणि समोर तांबडा रस्सा. तिखटावर ड्राय, जास्त अल्कोहोलची वाईन घेतली तर जिभेची आग आणखी भडकते. थोडी साखर आणि भरपूर आम्लता तिखटाला सांभाळून घेते.

मुलाने येताना दोन बाटल्या आणल्या. एकीवर पीसपोर्टर मिशेल्सबर्ग, दुसरीवर पीसपोर्टर गोल्डट्रोप्फशेन. गाव एकच, नाव सारखंच, पण एक स्वस्तातली आणि दुसरी तिच्या चौपट किमतीची. तो म्हणतो ब्रँडचे पैसे. खरं का?
*— पुण्याहून एक आई*

काकू, ब्रँडचे नाहीत, जमिनीचे पैसे आहेत. आणि स्वस्त बाटलीवर जे लिहिलंय ते कायदेशीर असलं तरी मला ते कधीच पटलं नाही.

पीसपोर्ट हे मोझेल नदीच्या वळणावरचं गाव. रोमन काळात द्राक्षं तुडवायची मोठी जागा तिथे उत्खननात सापडली आहे, इतकी जुनी शेती. गोल्डट्रोप्फशेन ही त्या गावची एक ठरलेली बाग, नदीकडे तोंड करून उभा उतार, स्लेटच्या पाटीसारखा काळा दगड. मिशेल्सबर्ग ही बागच नाही. १९७१ च्या वाईन कायद्याने जर्मनीत हजारो लहान बागांची नावं पुसली आणि साधारण २,६०० उरवली. एका बागेला किमान ५ हेक्टर क्षेत्र हवं असा नियम केला. छोट्या तुकड्यांची पिढीजात नावं शेजारच्या मोठ्या नावात गेली. दुसरीकडे ग्रोसलागं नावाचे मोठे पट्टे तयार केले. आसपासच्या अनेक गावांच्या जमिनी, त्यात नदीकाठच्या सपाट मळ्यांच्याही, एका नावाखाली आणल्या आणि त्या नावापुढे पट्ट्यातल्या सगळ्यात प्रसिद्ध गावाचं नाव लावायची परवानगी दिली. म्हणून दुसऱ्याच गावच्या सपाट रानातल्या म्युलर-थुर्गाऊ या वेगळ्याच द्राक्षजातीच्या वाईनवर पीसपोर्टर छापता आलं. लेबलावर ग्रोसलागं हा शब्द छापायचा नाही, म्हणजे गिऱ्हाइकाला कळायचा मार्गच नाही! एक एक नाव पाठ करायचं, बस. मोझेलच्या त्सेलर श्वार्त्से काट्सवर काळ्या मांजराचं चित्र असतं, ते याच प्रकारातलं. आमच्या राइनहेसन प्रदेशाचं नीरश्टाइनर गुटेस डोमटालही तसंच, आणि त्यामुळे नीरश्टाइनच्या लाल मातीच्या उताराची, रोटर हांगची, किती वर्षं बदनामी झाली ते मी दुकानात ऐकत असते.

२०२१ मध्ये कायदा बदलला. २०२६ च्या हंगामापासून अशा पट्ट्याच्या नावाआधी रेगिओन हा शब्द लिहावा लागेल आणि गावाचं नाव लावता येणार नाही. पन्नासहून जास्त वर्षं गेली, पण झालं एकदाचं. जुन्या हंगामाच्या बाटल्या मात्र अजून बाजारात असणार. तोवर एक खूण धरा: मोझेलच्या बाटलीवर रीसलिंग हा शब्दच नसेल तर ती बहुधा रीसलिंग नाही. द्राक्षाची जात, बाग किंवा साल छापायचं तर किमान ८५ टक्के वाईन त्यातली असावी लागते.

तुमच्या दोन्ही बाटल्या एकाच संध्याकाळी उघडा, काकू. मुलाला समोर बसवा आणि लेबलं झाकून द्या.

वाईन शाकाहारी असते का? लेबलावरून कसं ओळखायचं?
*— म्युनिकहून, घरात कांदा-लसूणसुद्धा न खाणाऱ्या सासूबाई येणार आहेत अशी एक वाचक*

वाईन निवळण्यासाठी अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसीन, जिलेटिन किंवा माशाच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरायची जुनी पद्धत आहे. दूध किंवा अंड्याचा अंश उरला असेल तर लेबलावर लिहावं लागतं. मासा आणि जिलेटिन वापरलं तर लिहायची सक्ती नाही, त्यामुळे नुसती घटकांची यादी वाचून भागणार नाही. पुष्कळ उत्पादक आता बेंटोनाइट नावाच्या मातीने निवळतात. व्हेगन असं छापलेली बाटली घ्या. सासूबाईंना वाईन चालते, हेच मला विशेष वाटलं.

आमची निफाडजवळ तीन एकर वाईन द्राक्षाची बाग आहे. जर्मनीत एवढ्या उभ्या उतारावर बागा का लावतात? खर्च कसा परवडतो?
*— नाशिक जिल्ह्यातून एक शेतकरी*

दादा, निफाड २० अक्षांशावर, मोझेल ५० वर. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलला एक छाटणी आणि पावसाळ्यानंतर दुसरी. इथे वेल हिवाळाभर झोपतो, छाटणी एकदाच, तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. तुमची अडचण उन्हाची नसते, इथे एक एक ऊन गोळा करावं लागतं. उभ्या दक्षिण उतारावर तिरपं ऊन सरळ पडतं, नदीचं पाणी प्रकाश परत फेकतं, आणि काळा दगड दिवसा तापून रात्री ऊब सोडतो. म्हणून रीसलिंगसारखी उशिरा पिकणारी जात तिथे पिकली. ब्रेम गावचा काल्मोंट हा उतार काही ठिकाणी ६५ अंशांचा आहे. ट्रॅक्टर चढत नाही. रुळावर चालणारी छोटी गाडी माल आणि माणसं वर नेते, बाकी सगळं हाताने. परवडतं का? सगळ्यांना नाही. अवघड तुकडे कित्येक कुटुंबांनी सोडून दिले आणि तिथे झुडपं वाढली आहेत.

सगळा देश असा नाही. दर्जेदार वाईनचे १३ प्रदेश, मिळून एक लाख हेक्टरच्या आसपास. त्यात रीसलिंग जवळपास चौथा हिस्सा. सगळ्यात मोठं आमचं राइनहेसन, सौम्य टेकड्या, यंत्राने तोडणी. त्याच्या दक्षिणेला फाल्त्स, ऊबदार. फ्रांकनमध्ये सिल्वानर या द्राक्षाची पांढरी वाईन चपट्या गोल बाटलीत भरतात. ड्राय सिल्वानर आणि रवा लावून तळलेली सुरमई हा माझा रविवारचा बेत. बाडन आणि आर इथे लाल श्पेटबुरगुंडर, म्हणजे फ्रान्सची पिनो न्वार. आरचं खोरं जुलै २०२१ च्या पुरात उद्ध्वस्त झालं, पिंपं वाहून गेली. चिखलाने माखलेल्या बाटल्या तशाच विकून लोकांनी मदतनिधी उभा केला.

तुम्हाला एक गंमत सांगते. आपल्याकडे घड सडला की घरात सुतक. इथे शरद ऋतूत धुकं आणि मग ऊन असं आलं की बोट्रायटिस बुरशी पिकलेल्या मण्याला भोकं पाडते, पाणी उडतं, मणी मनुक्यासारखा आकसतो. मग माणसं एक एक मणी वेचतात. ट्रॉकेनबेरेनआउसलेझे त्याचीच, आणि सर्वात महाग. माझ्या वडिलांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पोरी, त्या लोकांना भुरीवर काय औषध मारतात ते विचार आधी."

लेबलावर ए.पी. म्हणून लांबलचक नंबर असतो. त्याचा उपयोग काय?
*— आखेनहून एक विद्यार्थी*

दर्जेदार वाईनची सरकारी तपासणी होते, प्रयोगशाळेत आणि चाखून. त्याचा हा परवाना क्रमांक. शेवटचे आकडे तपासणीचं वर्ष दाखवतात, हंगामाचं नव्हे. त्याआधीचा आकडा त्या उत्पादकाच्या त्या भरणीचा. एकाच बागेची, एकाच नावाची दोन पिंपं वेगळी भरली असतील तर फरक फक्त इथेच दिसतो. आवडलेली वाईन पुन्हा हवी असेल तर याचा फोटो काढून ठेवा. परीक्षा फार कडक आहे असं समजू नका. ५ पैकी दीड गुण मिळाले की पास, म्हणजे ३० टक्के. आपल्या दहावीला ३५ लागतात.

दिवाळीला घरी येतोय. कोणत्या बाटल्या आणू? कस्टममध्ये किती चालतात?
*— फ्रांकफुर्टहून एक वाचक*

माणशी दोन लिटर दारू शुल्काशिवाय आणता येते. बाटली पाऊण लिटरची, म्हणजे दोन बाटल्या आणि अर्धा लिटर शिल्लक. एक मोझेलची रीसलिंग काबिनेट घ्या, चकली-चिवड्याबरोबर. दुसरी घरात मटण होत असेल तर बाडनची श्पेटबुरगुंडर. गरुडाचं टोपण बघा, नाहीतर गुट्सआबफ्युलुंग हा शब्द. त्याचा अर्थ द्राक्ष ज्याचं, बाटली त्यानेच भरली. उरलेल्या जागेत आउसलेझे किंवा बेरेनआउसलेझेची अर्धी बाटली बसते, ती ३७५ मिलीची असते. एकूण १,८७५ मिली. तिन्ही चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. आणि पोचल्यावर लालसुद्धा तासभर फ्रिजमध्ये ठेवा, ऑक्टोबरच्या उकाड्यात ती तशीच उघडलीत तर नुसता अल्कोहोल नाकात जाईल.