सॉफ्टवेअर रेड-1 (दोन डिस्कवर एकच डेटा ठेवणारी मिररची मांडणी) मधली बूट डिस्क गेली, सर्व्हर अजून चालू आहे. नवी डिस्क लावून रिबिल्ड केलं, म्हणजे तिच्यावर प्रत पुन्हा उतरवली, की काम झालं का?

नाही, तेवढ्यावर भागत नाही. आणि सगळ्यात आधी एक विनंती: हा सर्व्हर आत्ता रीस्टार्ट करू नका.

तुम्ही लिहिलंय की पतसंस्थेच्या हिशेबाचा सर्व्हर आहे, त्यावर उबुंटू आहे, 2 टीबीच्या दोन साटा डिस्क लिनक्सच्या एमडी (सॉफ्टवेअर रेड सांभाळणारी यंत्रणा) मिररमध्ये आहेत. त्यातली एसडीए नावाची डिस्क बंद पडली, एसडीबी या दुसरीवर काम सुरू आहे. आणि डिस्क देणारा म्हणतोय, ‘मशीन बंद करा, डिस्क बदला, चालू करा, बाकी आपोआप होईल.’ हार्डवेअर रेड कार्ड असतं तर त्याचं म्हणणं बरोबर होतं. कार्ड अख्खी डिस्क मिरर करतं आणि मदरबोर्डला एकच डिस्क दाखवतं. तुमच्याकडचा मिरर मात्र लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, सुरू झाल्यावर जन्माला येतो आणि साधारणपणे तो पार्टिशनचा (डिस्कच्या एका भागाचा) असतो, अख्ख्या डिस्कचा नाही. कर्नल मेमरीत येईपर्यंत जे काही घडतं, त्यातलं बरंचसं मिररच्या बाहेर आहे.

बायोस मोडमध्ये, म्हणजे बूटच्या जुन्या पद्धतीत, मशीन डिस्कचा पहिला सेक्टर (डिस्कवरचा सर्वात छोटा कप्पा) वाचतं. त्या 512 बाइटमध्ये बूट कोडला जागा असते जेमतेम 446 बाइटची. ग्रब या बूटलोडरचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, पुढचा भाग पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत बसतो, किंवा जीपीटी (पार्टिशनच्या नोंदीची नवी पद्धत) डिस्क असेल तर छोट्याशा बायोस-बूट पार्टिशनमध्ये. यातलं काहीही एमडी दुसऱ्या डिस्कवर नेत नाही. सर्व्हर बसवताना ग्रब फक्त एसडीएवर टाकला गेला असेल, तर एसडीबीवर तुमच्या सभासदांचा सगळा डेटा शाबूत असूनही ती डिस्क बूट होणार नाही. मशीन बंद करून चालू केलं की पडद्यावर ‘बूटेबल डिव्हाइस नाही’ एवढंच दिसेल. डेटा जात नाही, पण काउंटर उघडायच्या वेळी लाइव्ह यूएसबी (जिच्यावरून थेट लिनक्स सुरू होतं अशी पेनड्राइव्ह) शोधत बसावं लागतं. म्हणून जे करायचं ते सर्व्हर चालू असतानाच करून घ्या.

पहिलं काम बॅकअप. आज तुमच्याकडे डेटाची एकच प्रत आहे. रिबिल्ड होताना उरलेल्या डिस्कचा एकेक सेक्टर वाचला जातो, आणि वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेला खराब सेक्टर नेमका तेव्हा सापडतो. डेटाबेसचा डंप (सगळ्या नोंदींची फाइल) काढून दुसऱ्या मशीनवर ठेवा आणि तो उघडतो का ते बघा. मग स्मार्टसीटीएल या डिस्क तपासणाऱ्या कमांडने एसडीबीची तब्येत तपासा. 197 नंबरची ओळ, म्हणजे करंट पेंडिंग सेक्टर (वाचता न आलेले संशयित सेक्टर), शून्य असायला हवी. शून्य नसेल तर रिबिल्डची घाई न करता बॅकअपवर दुप्पट लक्ष द्या. एसडीए अजून उत्तर देत असेल तर तिची 199 नंबरची ओळही बघा. सेक्टरचे आकडे स्वच्छ आहेत आणि फक्त तिथला सीआरसी एररचा (केबलवरून डेटा येता-जाता झालेल्या चुकांचा) आकडा वाढतोय, असं असेल तर डिस्क धडधाकट असून साटा केबल सैल किंवा खराब असण्याची शक्यता मोठी.

आता बूटचं. सिस फोल्डरमधल्या फर्मवेअरखाली ईएफआय नावाची डिरेक्टरी आहे का बघा. नसेल तर मशीन बायोस मोडमध्ये चाललंय. मग ग्रब-इन्स्टॉल ही कमांड एसडीबीवर चालवा. नाव अख्ख्या डिस्कचं द्यायचं, एसडीबी-1 असं पार्टिशनचं नाही. ‘कुठलीही चूक आढळली नाही’ असा निरोप आला की निम्मी काळजी मिटली. डिरेक्टरी असेल तर मशीन यूईएफआय, म्हणजे बूटच्या नव्या पद्धतीचं, आहे. तिथे बूटलोडर एका फॅट (साधा फाइल-प्रकार) पार्टिशनमध्ये राहतो आणि तेही बहुधा मिररबाहेर असतं. एसडीबीवर असं पार्टिशन राखून ठेवलेलं असेल तर ते फॅटमध्ये फॉरमॅट करा, बूट डिरेक्टरीखालच्या ईएफआयवर माउंट करा (जोडा) आणि ग्रब-इन्स्टॉल चालवा. यानंतर एफएसटॅब (बूटला काय काय माउंट करायचं त्याची यादी असलेली फाइल) उघडाच. तिथे जुन्या, मेलेल्या पार्टिशनची यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, असते. ती तशीच राहिली तर सिस्टमडी (बूटच्या वेळी सगळं सुरू करणारा प्रोग्राम) त्या पार्टिशनची वाट बघत बसतो आणि शेवटी मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जातं. नवी यूयूआयडी लिहा आणि ‘नोफेल’ (पार्टिशन नसलं तरी बूट थांबवू नको) हा पर्यायही जोडा. एसडीबीवर असं पार्टिशनच नसेल, तर नवी डिस्क पूर्ण तयार होईपर्यंत मशीन चालूच ठेवा आणि लाइव्ह यूएसबी हाताशी असू द्या.

यानंतर ओळख पटवणं. माझ्या मते सगळ्या कामात सर्वाधिक सावधपणा इथे हवा. एसडीए, एसडीबी ही नावं कर्नल प्रत्येक बूटला नव्याने वाटतो, त्यामुळे ती कायमची नाहीत. पहिल्या खणात एसडीएच असेल असंही नाही. डिस्क ओळखायची ती सिरीयल नंबरवरून. एलएसबीएलके या डिस्कची यादी देणाऱ्या कमांडला सिरीयलचा रकाना मागा किंवा स्मार्टसीटीएलची माहिती वाचा. मेलेली डिस्क उत्तरच देत नसेल तर चांगल्या डिस्कचा नंबर कागदावर उतरवा आणि ‘हिला हात लावायचा नाही’ असं ठरवूनच कॅबिनेट उघडा. लेबलवरचे शेवटचे चार अक्षर-अंक जुळले की मगच केबल काढा. नव्या डिस्कचेही असेच चार अक्षर-अंक ट्रेच्या दर्शनी बाजूला मार्करने लिहून ठेवा. पुढच्या वेळी कॅबिनेटपाशी कदाचित दुसरंच कुणी उभं असेल.

काढण्याआधी एमडीस्टॅट (मिररची स्थिती दाखवणारी फाइल) नीट वाचा. चौकोनी कंसात दोन यू (UU) असले तर जोडी पूर्ण. एका यूच्या जागी अंडरस्कोर असेल तर त्या मिररचा एक पाय निखळलाय. गंमत अशी की एकाच डिस्कवर तीन मिरर असतील तर एकातच अंडरस्कोर दिसू शकतो आणि बाकीचे दोन ठणठणीत वाटतात, कारण त्या भागात अजून एररच आलेली नसते. म्हणून एमडीॲडम या मिरर हाताळणाऱ्या कमांडने त्या डिस्कची सगळी पार्टिशनं प्रत्येक मिररमधून आधी फेल आणि मग रिमूव्ह करा. डिस्क सिस्टममधून आधीच गायब झाली असेल तर नावाऐवजी ‘डिटॅच्ड’ लिहिलं तरी चालतं. कॅबिनेटला हॉट-स्वॅप (मशीन चालू असताना डिस्क काढता येणारे) ट्रे असतील तर डिस्क चालू मशीनमध्येच बदला. नसतील तर बंद करा. वरचं बूटचं काम झालं असेल तर आता भीती नाही.

नवी डिस्क सेक्टरच्या हिशेबात जुनीइतकी किंवा मोठी हवी. 2 टीबीच्या बहुतेक डिस्क 3,90,70,29,168 सेक्टरच्या असतात, तरी खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. एसएमआर (एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या) प्रकारची डिस्क घेऊ नका, सलग मोठं लिखाण आलं की ती रखडते. पार्टिशन टेबल (पार्टिशनांचा नकाशा) चांगल्या डिस्कवरून नव्या डिस्कवर उतरवायचं. एसजीडिस्क या कमांडच्या कॅपिटल आर पर्यायात ज्या डिस्कवर लिहायचं तिचं नाव आधी येतं आणि जिच्यावरून घ्यायचं ती शेवटी. हा क्रम उलटा झाला तर चांगल्या डिस्कचं टेबल कोऱ्या डिस्कच्या टेबलाने पुसलं जातं. मला एसएफडिस्क या दुसऱ्या कमांडची पद्धत बरी वाटते: टेबल आधी एका मजकूर फाइलमध्ये काढा, उघडून वाचा, जीपीटी असेल तर त्यातले आयडी काढून टाका म्हणजे दोन डिस्कचे आयडी सारखे होणार नाहीत, आणि मगच ती फाइल नव्या डिस्कला द्या. फाइलची एक प्रत बॅकअपसोबतही ठेवा.

मग एमडीॲडमने पार्टिशनं ॲड करा. 2 टीबीला सरासरी सेकंदाला 120 एमबी धरले तर साडेचार ते पाच तास लागतात. दिवसा काम चालू असताना वेग बराच पडतो. एमडी सेकंदाला किमान 1,000 केबीचीच हमी धरून चालतो. रात्री स्पीड-लिमिट-मिन, म्हणजे या किमान वेगाचं सेटिंग, वाढवा, सकाळी पुन्हा खाली आणा.

दोन यू दिसले की ग्रब नव्या डिस्कवरही टाका. उबुंटूत बायोस मोड असेल तर ग्रब-पीसी हे पॅकेज डीपीकेजी-रीकॉन्फिगर या कमांडने पुन्हा कॉन्फिगर करून दोन्ही डिस्कवर खूण करा. कारण पॅकेजने जुन्या डिस्कचं नाव सिरीयलसकट लक्षात ठेवलेलं असतं आणि पुढच्या अपडेटला ते तिलाच शोधत बसतं. यूईएफआयमध्ये नव्या फॅट पार्टिशनमध्ये फाइली टाका आणि ईएफआयबूटएमजीआर या कमांडने फर्मवेअरच्या बूट यादीत नवी नोंद करा. जुनी नोंद जुन्या पार्टिशनच्या आयडीला बांधलेली असते, ती उपयोगाची नाही.

चाचणी केल्याशिवाय मशीन सोडू नका. दोन्ही डिस्क जोडलेल्या ठेवून फर्मवेअरमध्ये बूटचा क्रम बदला आणि एकदा हिच्यावरून, एकदा तिच्यावरून बूट करून बघा. आळीपाळीने एकेक डिस्क उपसून बूट करायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. तसं केलं की दोन्ही डिस्कवर वेगवेगळं लिखाण होतं आणि खरी प्रत कोणती हे कुणालाच सांगता येत नाही.

पुढच्या वेळी डिस्क गेली की लगेच कळावं म्हणून एमडीॲडमच्या कॉन्फिगमध्ये मेल-ॲडर ओळीत तुमचा ईमेल पत्ता लिहा आणि मॉनिटर टेस्ट पर्यायासह एकदा चालवून मेल खरंच येतो का ते तपासा.

जुनी डिस्क वॉरंटीत असली तरी परत देण्याआधी संचालकांना विचारा. बंद पडलेली डिस्क पुसता येत नाही, आणि तिच्या प्लॅटरवर (आतल्या फिरत्या चकत्यांवर) सभासदांची खाती, पत्ते, कर्जाच्या नोंदी अजून तशाच आहेत. मी असतो तर वॉरंटी सोडून दिली असती आणि डिस्कला ड्रिलने आरपार भोकं पाडून घेतली असती.