ही खोकी पडत कशी नाहीत?

प्रश्न: अमेरिकन शिल्पकार डेव्हिड स्मिथच्या ‘क्यूबी’ मालिकेचे फोटो पाहिले. स्टीलची खोकी एकमेकांवर तिरकी ठेवलेली! पडत कशी नाहीत? आणि मधल्या रिकाम्या जागेचं एवढं कौतुक कशाला? – एक वाचक, सांगली

उत्तर: ठेवलेली नाहीत हो, वेल्डिंगने जोडलीत. आतून पोकळही आहेत. स्मिथने तरुणपणी मोटारीच्या कारखान्यात काम केलं होतं; सांधा कुठे तग धरेल हे त्याला कळायचं. डळमळीत दिसावं, ही त्याची मुद्दाम केलेली खोडी.

रिकाम्या जागेसाठी त्याचं १९५१ चं ‘हडसन रिव्हर लँडस्केप’ हे शिल्प बघा. आगगाडीच्या प्रवासात केलेल्या रेखाटनांतून आलेलं. घनाकार जवळपास नाहीच, नुसत्या पोलादी रेघा. वर्गात मी त्याचा फोटो देऊन फक्त मधल्या फटींचं चित्र काढायला सांगायचो. पोरं कुरकुरायची. एकाने विचारलं, “सर, मागची भिंतपण धरायची का?” धरायची की!

‘क्यूबी’ तर त्याने न्यूयॉर्क राज्यातल्या बोल्टन लँडिंग गावी घराजवळच्या शेतात उघड्यावर उभी केली होती. ग्राइंडरने घासलेल्या स्टीलवर आभाळाचा रंग उतरायचा. तुमच्या फोटोत तो सापडणं कठीण.